दाखल क्रमांक ४१२

"उस्मानाबाद खोडायचं आन् लातूर लिव्हायचं. यवढंच तर काम हाय. आनखी किती राहिले?" महादेवप्पांनी दारातूनच विचारलं.

"अकराशे तरी असतील, अप्पा," निवृत्ती सरवदे म्हणाला आणि त्याने पुढचं पुस्तक ओढलं.

नवा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पण औशाच्या त्या लहानशा वाचनालयातल्या पुस्तकांपर्यंत ती बातमी पोचलेली नव्हती. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईतला जुना गोल शिक्का, आणि त्यात जुना जिल्हा. नवा शिक्का करून आणण्याचा ठराव समितीने तीन वेळा मंजूर केला आणि तिन्ही वेळा चहा पिऊन ती विसरून गेली. आता लातूरहून कडक पत्र आलं, तेव्हा निवृत्तीने लाल पेन घेतलं आणि एकेक पुस्तक हाताने नव्या जिल्ह्यात आणायला सुरुवात केली. वाचनालयाचा ग्रंथपाल, शिपाई आणि झाडलोट करणारा, तिन्ही तो एकटाच. वय पन्नास, नोकरी पंचवीस वर्षांची.

महादेवप्पा समितीचे चिटणीस. बाजारात भांड्यांचं दुकान, गळ्यात लिंग, गालात सुपारी आणि जिभेला हाड नाही. त्यांनी खिशातून ते पत्र काढलं.

"ह्यात आनखी एक लिव्हलंय. 'शास्त्र, कायदा व शेती या विषयांची कालबाह्य पुस्तके निर्लेखित करावीत.' निर्लेखित म्हंजी काय रे?"

"नोंदीतून काढून टाकायची. पुस्तक मेलं असं लिव्हायचं."

"मंग त्यात तुजं ते विश्वाचं पुस्तक बी आलं की! एकोणसाठ सालचं हाय न्हवं ते?"

निवृत्तीचं पेन थांबलं. "शास्त्राचं खरं आसंल तर जुनं कसं हुईल, अप्पा? दोन आन् दोन कवाबी चारच."

"त्ये मला काय कळतंय! मी भांडेवाला. माझ्याकडं जुनं पितळच नव्यापरीस खणखणीत वाजतंय." असं म्हणून महादेवप्पांनी हमालाकडून एक खोका आत ठेवून घेतला. लातूरहून नवी पुस्तकं आली होती. मग ते उन्हाच्या आत दुकान गाठायला निघून गेले.

खोक्यात वरच निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं, विश्वाच्या जन्माविषयीचं. परमुलखात गावाकडचा माणूस भेटावा तसा निवृत्तीला आनंद झाला. तो माठातलं अर्धा पेला पाणी प्यायला. पाऊस नसल्याचं हे सलग तिसरं वर्ष, टँकर एक दिवसाआड यायचा, तेव्हा पूर्ण पेला कुणी पीत नसे. मग तो खिडकीशी बसला. आपल्या जुन्या पुस्तकातलं म्हणणं या नव्याने किती पुढे नेलंय, ते त्याला बघायचं होतं.

पुढे काही नेलेलं नव्हतं. त्रेचाळिसाव्या पानावर तीन ओळींत त्याची बोळवण केली होती. 'विश्व नेहमी असेच होते, त्याला आरंभ नाही, अशी एक कल्पना काही काळ मांडली जात असे. नव्या पुराव्यांपुढे ती टिकली नाही. आता तिला केवळ इतिहासात जागा आहे.'

निवृत्तीने त्या ओळी तीनदा वाचल्या. मग पुरावा काय तो वाचला. दूरदेशी दोन शास्त्रज्ञांनी आकाशाकडे रोखलेल्या मोठ्या कर्ण्यात एक बारीक खरखर ऐकली होती. दिवसा तीच, रात्री तीच, कर्णा कुठेही वळवा, तीच. कर्ण्यात कबुतरं राहायची, त्यांची घाण खरवडून काढली, तरी खरखर राहिलीच. ती विश्वाच्या जन्मावेळच्या उष्णतेची मागे उरलेली धग होती. म्हणजे जन्म होता. हे पासष्ट साली जाहीर झालं होतं.

पासष्ट साली! म्हणजे गेली एकवीस वर्षं तो शिळंच वाढत होता.

निवृत्ती घाबरला. लातूरच्या साहेबाला घाबरला नाही. साहेब काय, एक जातो दुसरा येतो. तो घाबरला दोन कोसांवर वाडीत बसलेल्या सत्तरीच्या म्हातारीच्या आठवणीने. तो खुर्चीवरून उठलाच नाही, निळं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिला.

ती म्हातारी म्हणजे त्याची आई, चतुराबाई. छप्पन सालानंतर वाडीतल्या त्यांच्या आळीने धम्म घेतला, तेव्हा घरोघरचे देव्हारे मोकळे झाले. कुणी देव नदीत सोडले, कुणी विहिरीत. सरवद्यांच्या घरात मरीआई होती. ती घडवलेली मूर्ती नव्हती, तांदळा होता: नारळाएवढा ओबडधोबड दगड, त्यावर शेंदराची पुटं आणि चांदीचे दोन डोळे. सासूच्या सासूपासून चालत आलेला. वीस वर्षांच्या निवृत्तीने हट्ट धरला, आणि चतुराबाईने तो स्वतः पाटीत घालून, डोक्यावर घेऊन, वाडीमागच्या खाऱ्या विहिरीत नेऊन सोडला. त्या दिवशी ती ताठ मानेने घरी आली होती. इतकी ताठ मान निवृत्तीने तिची आधी कधी पाहिली नव्हती.

पाच महिन्यांनी भामा गेली. निवृत्तीची धाकटी बहीण, पाच वर्षांची. गोवर निघाला आणि आठवडाभरात संपली. असल्या दुखण्यांची मालकीण मरीआईच, असं सगळा मुलूख मानायचा. चतुराबाईला तोंडावर कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. ती झोपेतून दचकून उठू लागली. खाऱ्या विहिरीची वाट तिने सोडली. पुन्हा तिने देव मांडला नाही की नवस बोलला नाही. एकदा टाकलेलं पाऊल तिने मागे घेतलं नाही. पण भीती काही विहिरीत सोडता आली नाही. आणि भामाचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

एकसष्ट साली निवृत्ती वाचनालयात लागला आणि दाखल क्रमांक ४१२ त्याच्या हाती आलं. तपकिरी पुठ्ठ्याचं, इंग्रजीवरून मराठीत आणलेलं. तारकांचे समूह एकमेकांपासून दूर पळतात, मधल्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य आपोआप जन्मतं, आणि म्हणून विश्व कायम होतं तसंच असतं, त्याला आरंभ नाही आणि अंत नाही, असं त्यात लिहिलं होतं. निवृत्तीला ते वाचून चांदी सापडल्यासारखं झालं. घरी येऊन त्याने आईला समोर बसवलं.

"माय, जगाला सुरवातच न्हाई. कुणी केलेलंच न्हाई. मंग रागवायला हाय कोण?"

"कुणीच न्हाई?"

"कुणीच न्हाई."

चतुराबाईने तीनदा विचारून घेतलं आणि त्या दिवशी ती थेट कोंबडा आरवेपर्यंत झोपली.

तेव्हापासून ४१२ वाचनालयात परत गेलं नाही. पुस्तक पंधरा दिवसांनी बदलायचं, हा नियम निवृत्ती इतरांना डोळे वटारून सांगायचा. स्वतः मात्र दर पंधरवड्याला तेच पुस्तक आपल्याच नावावर पुन्हा नोंदवायचा. अशा सहाशे सह्या झाल्या. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली ज्या देवळीत पूर्वी तांदळा असायचा तिथे, लुगड्याच्या धुवट फडक्यात बांधलेलं ४१२. चतुराबाई त्याला पोथी म्हणायची. निवृत्ती आधी हसून दुरुस्त करायचा, मग त्याने सोडून दिलं. दर पौर्णिमेला विहारात तो त्यातलं एक प्रकरण वाचायचा आणि माणसं हात जोडून ऐकायची. शास्त्राचं पुस्तक हात जोडून ऐकायचं नसतं, हे त्याने सांगायला हवं होतं. पण ते जोडलेले हात पाहून त्याला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

त्या संध्याकाळी तो सायकल ढकलतच वाडीत शिरला. खाऱ्या विहिरीच्या बाजूला गर्दी दिसली. तिकडूनच त्याची बायको चांगुणा येत होती, गुडघ्यापर्यंत गाळ, डोक्यावर रिकामी पाटी. दुष्काळी कामावर विहिरीचा गाळ काढायला ती आठ दिवस जात होती. एरवी त्या विहिरीचं मचूळ पाणी कुणी तोंडात घेतलं नसतं. पण आता ती पहिल्यांदाच तळापर्यंत आटली होती, आणि खाली जिवंत झरा असेल तर मचूळ का होईना, पाणी होतं.

"तिकडं जाऊ नगा," चांगुणा म्हणाली.

"कामून? कुणी पडलं का?"

"गाळात घावली. तुमच्या घरातली."

निवृत्तीला कळलं, पण त्याने कळलं नसल्यासारखं विचारलं, "कशावरून आपल्याच घरातली?"

"एक डोळा हाय अजून. चांदीचा."

मग तिने सगळं सांगितलं. कुदळ लागली, दगड निघाला, पाटीतून वर आला, आणि वर आल्यावर कुणीतरी ओळखला. वरच्या आळीतल्या दोघी-तिघींनी लगेच हळदकुंकू आणलं. एकजण मोठ्यानं म्हणाली, तीस वर्षं गाळात कोंडली म्हणून कोपली, तवाच पाऊस न्हाई. मुकादम व्यंकटीने काम थांबवलं. तो म्हणाला, माझी माणसं हात लावणार न्हाईत. जिनं टाकली तिनं येऊन उचलावी, मगच कुदळ चालंल.

"आन् आपल्या आळीच्या बाया?"

"व्हत्या की समद्या." चांगुणाने पाटी खाली ठेवली. "एक बी बोलली न्हाई. मी बी न्हाई बोलले. मला भ्या वाटलं."

घरात चतुराबाई भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. असल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही.

"आली न्हवं?" तिने विचारलं.

"कोण, माय?"

"ती."

निवृत्ती तिच्यासमोर खाली बसला.

"पोथी काढ," ती म्हणाली. "सुरवात न्हाई, ते वाच."

त्याने देवळीतून ४१२ काढलं, फडकं सोडलं, पहिलं प्रकरण उघडलं. वाचायची गरज नव्हती, जिभेला पाठ होतं. पण तिसऱ्याच वाक्याला आवाज चिरकला. आपण जे म्हणतोय ते खोटं ठरून एकवीस वर्षं झालीत, हे त्या घरात फक्त त्याला ठाऊक होतं. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"घसा कामून बसलाय?"

"पानी कमी पेलोय."

पंचवीस वर्षांतलं हे त्याचं आईशी पहिलं जाणूनबुजून खोटं. तो पान संपेपर्यंत वाचत राहिला.

"बेस झालं," चतुराबाई म्हणाली. "उद्या तिपारी येते म्हून सांग व्यंकटीला. मी उचलते. पोथीच म्हनती कुणी न्हाई, तर भ्यायचं कशाला?"

ज्या फळीवर पाय देऊन म्हातारी विहिरीकडे निघाली होती, ती फळी कुजकी आहे हे त्याने आज दुपारी वाचलं होतं. आणि विहिरीवर तिचं काही बरंवाईट झालं तर? ती घाबरून तिथेच कोसळली तर? सगळी वाडी म्हणेल, बघा, घेतला सूड.

दुसऱ्या दिवशी महादेवप्पा दुकान उघडायच्या आधी निवृत्ती त्यांच्या फळीवर जाऊन बसला.

"अप्पा, चारशे बारा चुकलं."

"म्हंजी?"

"जगाला सुरवात हाय म्हणायलेत."

महादेवप्पांनी टाळीच वाजवली. "बघ! मी काय म्हणत व्हतो? सुरवात हाय म्हंजी करणारा बी आलाच की! आता ये माझ्याकडं, तुला विभूती लावतो." मग त्यांचं लक्ष निवृत्तीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. "आरं, गंमत केली. काय झालं? बोल तर."

निवृत्तीने विहिरीचं सांगितलं, आईचं सांगितलं. महादेवप्पा सुपारी चघळायची विसरले.

"मंग सांगूच नको," ते शेवटी म्हणाले. "म्हातारीला काय करायचंय पासष्ट सालाचं? चार दिस राहिलेत तिचे. जुनंच वाच आन् तिला सुखानं राहू दे."

"मंग जुन्या भगतात आन् माझ्यात फरक काय राहिला, अप्पा?"

महादेवप्पांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. मग त्यांनी विचारलं, "बरं, त्या नव्यात करणारा कोण म्हणून लिव्हलंय?"

"काल समदं वाचून काढलं. करणारा हाय असं म्हणत न्हाई, न्हाई असं बी म्हणत न्हाई. सुरवातीच्या आधीचं आपल्याला म्हाईत न्हाई, म्हणतंय."

"म्हाईत न्हाई तर पुस्तक कशाला छापलं?" महादेवप्पा खरोखरच नाराज झाले. पण वाचनालयाच्या किल्ल्या त्यांनी निवृत्तीच्या हातातून काढून घेतल्या. "आज मी बसतो. तू घरला जा. आन् काय सांगायचं ते तिथं जाऊन ठरीव."

भर उन्हात निवृत्ती घरी आला. चांगुणा विहिरीवर गेली होती, काम नसलं तरी हजेरीला जावं लागायचंच. आई आत तोंड धूत होती. तांब्याभर पाण्यात हात, पाय, तोंड. जायची तयारी चालली होती. त्याने देवळीतून ४१२ काढलं. त्याला एकदा बघायचं होतं, आपण कुठे फसलो ते.

पुस्तकाला प्रस्तावना होती. चार पानांची. इतकी वर्षं त्याने ती वाचलीच नव्हती. तो नेहमी पहिल्या प्रकरणापासून सुरू करायचा, कारण माणसं वाट बघत असत आणि प्रस्तावनेत कुणाला रस असतो? ती पानं अजून कोरी करकरीत होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'येथे मांडलेले सारे आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांवर उभे आहे. उद्या वेगळा पुरावा आला, तर वाचकाने हे पुस्तक निःसंकोच बाजूला ठेवावे.'

म्हणजे पुस्तक खोटं बोललं नव्हतं. पुस्तकाने आधीच सांगून ठेवलं होतं. आईला आणि वाडीला जे सांगायचं तेवढं वाक्य निवृत्तीने गाळलं होतं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"निघायचं न्हवं?" चतुराबाई पदर सारखा करत बाहेर आली.

"माय, बस. पोथी चुकली."

ती उभीच राहिली. त्याने सगळं सांगितलं: कर्णा, कबुतरं, खरखर, पासष्ट साल. काल आपण खोटं बोललो आणि प्रस्तावना कधी वाचलीच नव्हती, तेही सांगितलं. ती हळूहळू खाली बसली.

"म्हंजी आसंल कुणीतरी," ती म्हणाली.

"म्हाईत न्हाई, माय. कुणालाच म्हाईत न्हाई."

"मंग भामा?"

एकोणतीस वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं. निवृत्तीला वाटलं, आता उठावं आणि बाहेर पळून जावं. तो उठला नाही.

"भामा गोवरानं गेली," तो म्हणाला. "त्या महिन्यात वाडीत सात लेकरं गेली, माय. आपल्या आळीतली तीन. वरच्या आळीतली चार. सिद्रामप्पाची तर दोन्ही गेली, आठ दिसाच्या आत. त्यांचा देव्हारा भरलेला व्हता. त्यांनी काय बी विहिरीत सोडलं नव्हतं."

चतुराबाई बोटांनी काहीतरी मोजत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "सिद्रामप्पाची बायकू मला वड्यावर भेटली व्हती. आमी दोघी बी रडलो. ती तिकडल्या काठाला, मी हिकडल्या." मग तिने मान वर केली. "हे तुला तवाच ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग तवाच का न्हाई सांगितलंस? एवढं आभाळाचं पुस्तक कामून आनलंस?"

निवृत्तीला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. "भामाचं नाव काढावं लागलं असतं," तो म्हणाला. "तुजी मरीआई टाकायला मीच लावली व्हती. माझी छाती झाली न्हाई."

बाहेर टँकरच्या रांगेतल्या रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत होत्या. चतुराबाई रडली नाही. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, जोरात.

"तुला आता बी भ्या वाटतंय का?"

"लई."

"मला बी." ती भिंतीला धरून उठली. "चल. व्यंकटी खोळंबला आसंल."

विहिरीवर वाडी लोटली होती. तांदळा काठावर पालथ्या पाटीवर ठेवलेला, त्याच्यासमोर हळदकुंकवाचा सडा. गाळाने काळा पडलेला, शेंदूर कुठल्या कुठे गेलेला, आणि त्यात तो एकच डोळा उन्हात चमकत होता. माणसांनी चतुराबाईला वाट करून दिली आणि वाट जरा जास्तच मोठी केली. निवृत्ती तिच्या एक पाऊल मागे होता. ती कोसळली तर धरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आळीतल्या बायांमधून चांगुणा पुढे येऊन सासूच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

चतुराबाई वाकली. तिचे हात इतके कापत होते की पहिल्यांदा दगड निसटून परत पाटीवर बसला. कुणीतरी 'आई गं!' म्हणून ओरडलं. तिने डोळे मिटले, पुन्हा हात घातला आणि तांदळा छातीशी धरून उचलला.

"जड हाय," ती म्हणाली. "तवा यवढी जड नव्हती."

"तवा तुमी चाळिशीच्या व्हता, आत्याबाई," चांगुणा म्हणाली.

दोन-तीन बायांना हसू आलं. ते दबकत आलेलं, पण हसूच होतं. चतुराबाईने चार पावलं टाकली, बांधावरच्या बाभळीखाली तांदळा नीट बसवला, पदराच्या टोकाने त्याच्यावरचा गाळ पुसला.

"ज्याला पुजायची त्यानं पुजावी, माझी ना न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी सोडली ती सोडली. व्यंकटी, तू पानी काढ आता. लेकरं खोळंबलीत."

आणि घरी वळण्याआधी तिने विहिरीच्या काठाशी जाऊन खाली डोकावून पाहिलं. एकोणतीस वर्षांनी. तळाशी नुसता चिखल होता. व्यंकटीने उगाच दोनदा खाकरून घेतलं आणि मग शिट्टी वाजवली.

त्या दिवशी झरा लागला नाही. पाऊसही आला नाही. पण कुदळी चालू राहिल्या.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीने ४१२ औशाला नेलं. पहिल्या पानावर जुना शिक्का होता. लातूर लिहायला पेन उचललं आणि ठेवून दिलं, आता त्याची गरज नव्हती. देवघेवीच्या वहीत आपल्या नावापुढे त्याने 'परत' लिहिलं. मग दाखल-रजिस्टर काढलं, चारशे बाराव्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'निर्लेखित'. महादेवप्पा समोरच बसले होते. ते म्हणाले, "रद्दीत घालू नको. ऱ्हाऊ दे माझ्या दुकानात."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चतुराबाई देवळीसमोर बसली होती. धुराने काळवंडलेल्या देवळीत पुस्तकाच्या आकाराची एक उजळ चौकट उरली होती. निवृत्तीने पिशवीतून निळं पुस्तक काढलं. आईने फडकं पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही.

"ह्याला बांधायचं न्हाई, माय. हे बी उद्या चुकंल. तसं ह्येच्यातच लिव्हलंय."

"पुस्तक पंधरा दिसाला बदलायचं आसतंय न्हवं तुमच्यात?"

"व्हय."

"मंग बदलत जा की." तिने फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली. "आन् आधी ते वाच. मागल्या टायमाला तू सोडलं व्हतंस ते."

निवृत्तीने निळ्या पुस्तकाची प्रस्तावना वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चांगुणा चुलीपुढून ऐकत होती. प्रस्तावना संपल्यावर तो पहिल्या प्रकरणावर आला. आरंभी सारे काही अतिशय तप्त आणि दाट होते, तो वाचत गेला. त्याआधी काय होते, हे आज कोणालाही सांगता येत नाही.

चतुराबाईचा हात त्याच्या गुडघ्यावर आला आणि तिथे घट्ट बसला. निवृत्ती थांबला.

"म्होरं वाच," ती म्हणाली.